बँकेने काढून दिलेल्या घराच्या विम्यात सामान आहे का, ते आजच बघा

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. सांगलीत नदीजवळ तळमजल्याचा फ्लॅट, बँकेने कर्जासोबत घराचा विमा काढून दिला, हप्ता कर्जाच्या रकमेतच धरला, पॉलिसीचा कागद हातात नाही, आणि तुम्ही विचारताय की यात टीव्ही, फ्रिज, फर्निचर, सोनं सगळं आलं ना. मी ५ वर्षं अगदी हेच धरून चाललो होतो. मी एजंट नाही, विमा कंपनीशी माझा काही संबंध नाही, जे भोगलं तेवढंच लिहितोय. तुमच्या पॉलिसीत वेगळं असू शकतं, तेव्हा कागद बघूनच ठरवा.

आमचं घर चिपळूणला, बाजारपेठेच्या मागच्या बाजूला. २२ जुलै २०२१ चा पूर तुम्ही टीव्हीवर बघितला असेल. २००५ ला पाणी ओट्याच्या वरच्या पायरीपर्यंत आलं होतं, तो हिशोब डोक्यात ठेवून आम्ही रात्री गाद्या आणि तांदळाचे डबे डायनिंग टेबलावर चढवले आणि वर शेजाऱ्यांकडे गेलो. सकाळी ते टेबल पाण्याखाली होतं. पाणी उतरल्यावर आत गेलो तर फ्रिज तरंगत येऊन स्वयंपाकघराच्या दारात आडवा अडकलेला, घरात नडगीपर्यंत चिखल, बायकोच्या शिलाई मशीनच्या मोटरमधून गाळ गळत होता. कपाटाचा खण फुगून बसला होता, तो पहारीने फोडला, कारण कर्जाची फाईल त्यात होती. फाईलमध्ये मंजुरीचं पत्र होतं, हप्त्यांचं वेळापत्रक होतं, पॉलिसी नव्हती.

मग बँकेच्या मागे लागलो. कर्जाचं काम बघणारं ऑफिस दुसऱ्या शहरात, तिथे पूरबिर काही नव्हता. ते म्हणाले विमा कंपनीला विचारा. कंपनीचं नाव विचारलं तर मेल करा. मेलला उत्तर नाही. चौथ्या-पाचव्या फोनला कंपनीचं नाव कळलं, तर कंपनी म्हणते पॉलिसी नंबर द्या, आणि नंबर परत बँकेकडेच. ज्याचे पैसे मी व्याजासकट फेडतोय त्या कागदाचा नंबर मला कोणी देईना. यात १९ दिवस गेले. तोपर्यंत सगळ्या गल्लीने सडलेलं सामान रस्त्यावर काढलं, आम्हीही काढलं, जेसीबीने ते उचलून नेलं. वास आणि रोगराईची भीती एवढी होती की ठेवणार तरी कुठे. कळवलं नाही, फोटो जेमतेम ७-८, आणि नुकसान मोजायला विमा कंपनीचा सर्व्हेअर आला तेव्हा त्याला दाखवायला चिखलाचे डाग पडलेल्या भिंती उरल्या होत्या.

तरी खरा घाव सामान टाकल्याने बसला नाही. शेवटी पॉलिसी आली, तिच्या शेड्युलमध्ये, म्हणजे कशाचा किती रकमेचा विमा आहे त्या पानावर, दोन ओळी होत्या. बिल्डिंग १२ लाख. कन्टेन्ट्स, म्हणजे घरातलं सामान, निल. म्हणजे सामान ठेवलं असतं, हजार फोटो काढले असते, तरी सामानाचा एक रुपया मिळणार नव्हता. बँकेला तिच्या कर्जापुरती इमारत सुरक्षित हवी होती, तेवढीच तिने करून घेतली. मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आणि हे नीट लक्षात घ्या, पुरात आरसीसीचं घर सहसा पडत नाही, मरतं ते सामान. आमचं इमारतीचं नुकसान म्हणजे प्लास्टर, रंग, वायरिंग, फुगलेली दारं, सगळं मिळून ८४ हजार. सामानाचं साडेचार लाखांच्या आसपास. नदीकाठी फक्त बिल्डिंगचा विमा म्हणजे जे जाणार नाही त्याचाच विमा, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्या ८४ हजारांतही कात्री लागली. घर परत बांधायचा खर्च १८ लाख धरला गेला आणि विमा १२ लाखांचा, म्हणजे दोन तृतीयांश, म्हणून क्लेमही दोन तृतीयांश, ५६ हजार. तेही बँकेच्या नावाचा क्लॉज असल्याने आधी कर्जखात्यात जमा झाले, दुरुस्तीसाठी हातात यायला पुन्हा अर्ज-विनंत्या. त्या अर्जांबद्दल लिहायला बसलो तर रात्र जाईल.

माझी पॉलिसी जुनी होती, तुमची २०२१ नंतरची असेल तर तुमचं त्यामानाने बरं आहे. १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी 'भारत गृह रक्षा' नावाची ठरावीक पॉलिसी सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांना द्यावी लागते, आणि तिच्यात कमी रकमेचा विमा म्हणून क्लेम त्या प्रमाणात कापायची ही अट नाही. बिल्डिंग आणि सामान दोन्ही घेतलं तर बिल्डिंगच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, एवढं सामान आपोआप धरलं जातं, जास्त हवं तर यादी द्यायची. पण नुसती बिल्डिंगचीही काढता येते, आणि बँका बऱ्याचदा तेवढीच काढतात, म्हणून शेड्युल बघा. रक्कम फ्लॅटच्या बाजारभावावर नसते, कार्पेट एरिया गुणिले बांधकामाचा दर अशी असते, त्यामुळे ४० लाखांच्या फ्लॅटला १४ लाख दिसले तर घाबरू नका.

सोनं साध्या सामानात येत नाही, ते वेगळं ॲड-ऑन, म्हणजे पॉलिसीला जोडलेलं जादा संरक्षण, घेऊन लिहून घ्यावं लागतं. रोख रक्कम नाहीच. चोरीबद्दल लोकांचा फार गैरसमज आहे, पूर किंवा आग अशी घटना झाली आणि तिच्यामुळे ७ दिवसांच्या आत चोरी झाली तरच ती यात येते. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळी पॉलिसी. आणि दर पावसाळ्यात गळणारा स्लॅब कुठल्याच विम्यात बसवायला जाऊ नका, ती देखभाल आहे.

सोसायटीचा विमा आहे असं सेक्रेटरी म्हणतील. तो इमारतीचा असतो. पूर त्यात आहे का विचारा, तुमचं कपाट तर त्यात नाहीच.

मी आता सामानाची पॉलिसी वेगळी, स्वतःच्या नावावर काढतो, वर्षाचा हप्ता मुलीच्या क्लासच्या महिन्याच्या फीपेक्षा कमी आहे. दर मे महिन्यात मोबाईलवर घरभर फिरून व्हिडिओ काढतो, कपाटं उघडून, फ्रिज-मशीनचे मॉडेल नंबर दिसतील असा, आणि पुण्याच्या भावाला पाठवून ठेवतो. पाणी शिरलंच तर आधी कंपनीला कळवा आणि क्लेमचा नंबर घ्या, फेकायची वेळ आली तर प्रत्येक वस्तूचा फोटो काढून मगच फेका, तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत मागून घ्या. क्लेम नाकारला तर विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालाकडे फी न भरता जाता येतं, नकार मिळाल्यापासून वर्षाच्या आत. मी गेलो नाही, कारण 'निल' लिहिलेल्या पॉलिसीवर भांडायचं तरी काय.

तुमच्याकडे आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी वाढायला लागली की बँकेत फोन करायला वेळ राहत नाही. उद्याच शाखेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या, पॉलिसीची पूर्ण प्रत मागा, नुसतं सर्टिफिकेट नको. मिळाली की शेड्युलचं पान नाव-नंबर झाकून इथे टाका, मी ओळ न् ओळ बघून सांगतो.