पहिल्यांदाच बोलिव्हियाला बॅकपॅकिंगला जातोय, तीन आठवडे. मी शाकाहारी आहे, सोबत खायला काय न्यावं आणि रूट कसा ठेवावा?

डाळ नेऊ नका. तांदूळ पण नको. हे आधी सांगते, बाकीचं नंतर.

2018 ला आम्ही दोघं गेलो तेव्हा नवऱ्याच्या सॅकमध्ये साडेचार किलो नुसता खाऊ होता. तूरडाळ, तांदूळ, मेतकूट, चिवड्याची पाकिटं. "तिकडे बटाट्याशिवाय काय मिळणारे तुला" हे महिनाभर ऐकत होते. सांताक्रूझहून विमानाने थेट ला पाझच्या एल आल्टो एअरपोर्टला उतरलो, म्हणजे साधारण 400 मीटरवरून एकदम 4,000 च्या वर. डोकं ठणकतंय, दोन पायऱ्यांत धाप, आणि सॅक उघडली तर चिवड्याची पाकिटं टम्म फुगलेली, एक फुटून त्यातलं डाळवं माझ्या थर्मलमध्ये.

दुसऱ्या दिवशी ला पाझच्या हॉस्टेलच्या किचनमध्ये याने डाळ शिजत लावली. दीड तास! मागे लोक पास्त्याची पातेली घेऊन उभे, हा डाव फिरवतोय, आणि डाळीचा दाणा दाताखाली कचकच. अहो, 3,600 मीटरला पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळतं, कुकर नसेल तर डाळ काय शिजणार कप्पाळ.

मी तशीच उठून मेर्काडो लांझा या बाजारात गेले. तिथे सोपा दे मानी मिळालं, म्हणजे शेंगदाण्याचं सूप. पांढरट, दाट, वर तळलेल्या बटाट्याच्या काड्या. पहिला चमचा घेतला आणि आजीची एकादशीची दाण्याची आमटी आठवली. आणि का नाही आठवणार, शेंगदाणा मुळात तिथलाच, दक्षिण बोलिव्हिया आणि त्याला लागून असलेल्या अर्जेंटिनाचा. बटाटा अँडीजचा, साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कसावाही त्याच खंडातला, तिथे त्याला युका म्हणतात. आपला अख्खा उपास तिकडून आलाय आणि हा माणूस तिकडे मेतकूट घेऊन चालला होता! सूपवाल्या बाईला "यापा" म्हटलं की अजून अर्धा डाव वाढते, आपली भाजीवाली वर कढीपत्ता टाकते तसं.

आता तुम्ही शाकाहारी आहात तर हेही सांगायला हवं. "सिन कार्ने" म्हटलंत तर चिकन घालून देतील, कारण कार्ने म्हणजे त्यांच्या लेखी बीफ. "नी कार्ने, नी पोयो" म्हणायचं. तरी सूपचं पाणी बहुतेक वेळा हाडांचंच असतं. मला चालतं, तुमचं तुम्ही बघा. नाहीतर अंडी, चीज, मका, किन्वा, फळं भरपूर आहेत, उपाशी मरत नाही कोणी.

रूट म्हणाल तर आमच्या उलटा करा, सांताक्रूझ, मग सुक्रे (2,800 मीटर), पोतोसी, उयुनी, शेवटी ला पाझ आणि तितिकाका सरोवर. हळूहळू चढता. तीन आठवडे पुरतात. यलो फीव्हरची लस निघायच्या किमान 10 दिवस आधी घ्या, कार्ड नसेल तर परत येताना आपल्याच एअरपोर्टवरून क्वारंटाइनमध्ये जाल. आणि उयुनीहून चिलीत उतरणार असाल तर डाळी, बिया, फळं सीमेवर डिक्लेअर करावी लागतात, नाहीतर दंड.

नवऱ्याचं अजून म्हणणं आहे की डाळ जुनी होती. उरलेली तीच डाळ घरी आणून मी कुकरला लावली, तीन शिट्ट्यांत मेण.