भाऊ, आधी दहाच भिंगऱ्या बनव

कळपाने कसे वागतात ते बघायला भिंगरीसारखे फिरणारे पन्नास रोबो एकदम करायचा तुझा बेत कळला. थांब जरा. मोबाइलमधली थरथरणारी मोटर, बटण सेल आणि टूथब्रशचे तिरपे कापलेले केस, एवढ्यात गोल फिरणारा रोबो होतो. कोडिंगला आत्ता हातच लावू नकोस.

सुरुवातीला सांभाळायचं ते असं:

- रोबो ज्यावर सोडशील तो कॅरम बोर्ड पाणसळीने सपाट कर. उतार असला की सगळे एका कोपऱ्यात जमतात आणि नवशिक्याला तोच 'सामूहिक वर्तनाचा' शोध वाटतो! मीही नाचलो होतो.
- कूलर बंद. मे महिन्यात भुसावळला हे सांगणं म्हणजे छळच, पण वाऱ्याने हलके रोबो सरकतात. तेव्हा पहाटे प्रयोग कर.
- सेल सगळे एकाच दिवशी बदल.

खरी गंमत दाटीत आहे. ३० सेंमी व्यासाचं पुठ्ठ्याचं रिंगण कर, त्यात ५ सेंमी व्यासाचे गोल रोबो सोड. दहा असले तर जेमतेम २८ टक्के जागा भरते. वायूसारखे मोकळे भटकतात. पंचवीस टाकलेस की ६९ टक्के, मग कोणी सहज जागा सोडत नाही. सारख्या चकत्या कितीही दाबून बसवल्या तरी ९१ टक्क्यांच्या वर जात नाहीत.

दोघे एकाच दिशेने फिरत असतील तर भिडतात तिथे त्यांच्या कडा उलट घासतात. विरुद्ध फिरणारे दातेरी चाकांसारखे जुळतात. म्हणून आधी सगळे एकाच दिशेचे ठेव आणि रिंगणाच्या काठावरचे कुठे सरकतात ते बघ. मिश्र कळप नंतर.

व्हिडिओ मात्र वरून, स्टँडवरूनच काढ.