80 हजार ते लाख रुपयांच्या फोनची किंमत खरंच वाजवी असते का?

तुम्ही लिहिलंय की पगार 42 हजार आहे, ऑफिसात निम्म्यांच्या हातात 80 हजारांच्या पुढचे फोन दिसतात, आणि आपणही घ्यावा की हा शुद्ध वेडेपणा, हे कळत नाही. मी नाशिकात मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो, अकरा वर्षं झाली. नवे फोन विकत नाही, त्यामुळे तुम्ही घेतलात किंवा नाही घेतलात तरी माझं कमिशन बुडत नाही. घेतलात तर कधीतरी माझ्याच काउंटरवर याल, एवढंच.

आधी किमतीच्या पोटात काय असतं ते बघू. सप्टेंबर 2023 मध्ये आयफोन 15 आला, 79,900 ला. तेव्हा रोज कोणीतरी विचारायचं, "अमेरिकेत 799 डॉलर, म्हणजे 66 हजार. मग वरचे 13-14 हजार कोण खातं?" सरकार खातं. 79,900 मध्ये 18 टक्के जीएसटी धरलेला आहे, म्हणजे 12,188 रुपये. तो काढला की 67,700 उरतात. आणि अमेरिकेच्या 799 डॉलरमध्ये तिथला विक्रीकर धरलेलाच नसतो, तो बिलावर वेगळा लागतो. म्हणजे साध्या मॉडेलपुरती आपली फार फसवणूक होत नव्हती. 31 मार्च 2020 पर्यंत मोबाईलवर जीएसटी 12 टक्केच होता, ते मात्र लोक विसरले.

प्रो मॉडेलचं गणित वेगळं. 999 डॉलरचा 15 प्रो इथे 1,34,900 ला होता. जीएसटी वजा केला तरी 1,14,300. कारण तो तयार होऊन बाहेरून यायचा आणि त्यावर तेव्हा 20 टक्के सीमाशुल्क होतं. जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात ते 15 टक्के झालं, प्रोची जुळणीही भारतात सुरू झाली, आणि 16 प्रो आला 1,19,900 ला. नवं मॉडेल जुन्यापेक्षा 15 हजारांनी स्वस्त! आदल्या वर्षी ज्यांनी हप्त्यावर 15 प्रो घेतला, त्यांनी 'प्रीमियम' म्हणून बराचसा करच विकत घेतला होता.

मला खरा राग येतो तो स्टोरेजच्या भावाचा. त्याच आयफोन 15 मध्ये 128 ऐवजी 256 जीबी हवं असेल तर 10 हजार जास्त, 512 हवं तर त्यावर आणखी 20 हजार. आम्ही रोज बोर्ड उघडतो, मेमरीचे भाव आम्हाला ठाऊक असतात. याला मी सरळ लूट म्हणतो.

आता महाग फोन जास्त वर्षं टिकतो, हे खरं आहे का? खरं आहे. गॅलेक्सी एस 24 आणि पिक्सेल 8 घेणाऱ्यांना सात वर्षं अपडेटचं आश्वासन आहे. 2015 च्या आयफोन 6 एस ला 2021 चं आयओएस 15, म्हणजे आयफोन चालवणारं सॉफ्टवेअर, मिळालं होतं. पण हिशोब करून बघा. 80 हजार भागिले सात म्हणजे वर्षाला साधारण 11,400, आणि मध्ये एक-दोन बॅटऱ्या बदलाव्या लागतील त्या वेगळ्या. 18 हजारांचा फोन तीन वर्षं चालवला तर वर्षाला 6 हजार. म्हणजे सातही वर्षं सांभाळला तरी महाग फोन महागच पडतो. जुना विकताना आयफोनला त्यातल्या त्यात बरा भाव येतो, अँड्रॉइडचा भाव लवकर उतरतो, तेवढाच दिलासा.

आणि सात वर्षं फोन न पडता राहतो असं तुम्हाला वाटत असेल, तर एक दिवस माझ्या दुकानात येऊन बसा.

गेल्या पावसाळ्यात एक मुलगा आला. बाईकच्या होल्डरमधून फोन उडाला होता, डिस्प्ले गेला, मागची काचही गेली. अधिकृत सेंटरमध्ये नुसत्या डिस्प्लेचे 20 हजारांच्या पुढे सांगितले होते. तो म्हणाला, "दादा, कॉपी फोल्डर टाकून द्या." फोल्डर म्हणजे काचेसकट डिस्प्ले, कॉपी म्हणजे ओरिजिनल नसलेला. टाकला. पण कॉपीमध्ये उन्हात नीट दिसत नाही, टच मध्येच उड्या मारतो, आणि आयफोन असेल तर सेटिंगमध्ये 'अनोळखी भाग' असा शेरा येतो, तो जुना फोन विकत घेणारा पहिल्यांदा बघतो. लाखाच्या फोनवर चार हजारांची काच, आणि हप्ते अजून नऊ बाकी. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये पोर्टल सुरू केलं खरं, पण ओरिजिनल सुटा भाग परवडेल अशा भावात माझ्यासारख्याच्या हाती पडेल तेव्हा मी पेढे वाटीन. तोवर प्रीमियम फोनची किंमत बघताना त्याच्या डिस्प्लेची किंमतही विचारून घ्या. दुकानदार सांगणार नाही, सेंटरला फोन करा. (आयपी 68, म्हणजे पाणी-धूळ रोखण्याचं मानांकन, आहे म्हणून फोन धबधब्यात नेऊ नका. सील जुनं होतं, आणि पाणी गेलं की वॉरंटी बहुतेक वेळा हात वर करते.)

'नो कॉस्ट ईएमआय'बद्दलही थोडं. व्याज असतंच, ते आधी सूट म्हणून वजा करून दाखवतात. क्रेडिट कार्डवर त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी तुमच्या बिलात येतो, प्रोसेसिंग फी वेगळी, आणि रोखीला मिळाली असती ती सूट अनेकदा हुकते.

कोणाला परवडतो म्हणाल, तर ज्याचा फोन पैसे आणून देतो त्याला. माझा एक गिऱ्हाईक लग्नाचे रील्स काढतो. व्हिडिओतली स्थिरता, कमी उजेडातलं चित्र, यात स्वस्त फोन मागे पडतो आणि त्याला ते रोज दिसतं. बाकीच्यांनी 200 मेगापिक्सेलला भुलू नये. नेहमीच्या मोडमध्ये 16 पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो बाहेर पडतो.

तुमच्या पगारात मी 80 हजारांचा घेणार नाही. घ्यायचाच असेल तर नवं मॉडेल आल्यावर मागच्या वर्षीचं बघा, कव्हर आणि गार्ड बिलासोबतच लावा. पण त्याआधी एक सांगा, सध्याच्या फोनला झालंय काय? 'हँग होतो' असं तुम्ही लिहिलंय. स्टोरेज किती भरलंय ते बघा. व्हॉट्सॲपचे सकाळचे सुप्रभात आणि कोणाकोणाच्या बारशाचे व्हिडिओ उडवून, 15-20 टक्के जागा मोकळी करून आठवडाभर वापरा. दुपारीच चार्जिंग संपत असेल तर बॅटरी बदला, बऱ्याच साध्या फोनची दीड-दोन हजारांत होते.