गावचं रेशनकार्ड, पिंपरीतलं धान्य

प्रश्न : आमच्या बांधकामावर बिहारचे मजूर आहेत. २०२०च्या टाळेबंदीत अशा मजुरांना रेशन दुकानातून रिकाम्या हाती परतावं लागलं होतं. पुन्हा तशी वेळ आली तर? आतापासून काय करून ठेवावं?
— साइट सुपरवायझर, पिंपरी-चिंचवड

उत्तर : २४ मार्च २०२०च्या रात्री जेमतेम चार तासांच्या सूचनेवर देश बंद झाला. एप्रिलपासून माणशी ५ किलो धान्य मोफत होतं, पण अन्नसुरक्षेच्या कार्डावर, म्हणजे अन्नसुरक्षा कायद्याखालच्या रेशनकार्डावर. आणि कार्ड गावी. कार्ड नसलेल्या मजुरांसाठी धान्य जाहीर व्हायला मे उजाडला, तोवर कित्येकजण चालत निघाले होते. उपाशी माणसाला ‘घरातच थांबा’ सांगणं हे आरोग्य धोरण नव्हे.

बिहार ‘एक देश, एक रेशनकार्ड’ व्यवस्थेत आलं १ मे २०२०ला. आता बिहारच्या अन्नसुरक्षा कार्डावर पिंपरीतल्या दुकानातही धान्य मिळतं. त्यासाठी मजुराचं नाव कार्डावर हवं, आधार जोडलेलं हवं, ई-केवायसी (आधारवरून ओळखीची पडताळणी) झालेली हवी. मग याच महिन्यात प्रत्येकाला एकदा धान्य उचलून बघायला सांगा. खऱ्या अडचणी दुकानातल्या अंगठ्याच्या मशीनसमोरच कळतात. सगळ्यात जास्त घडतं ते हे : गावी घरच्यांनी महिन्याचा सगळा कोटा आधीच उचललेला असतो, इथे शिल्लक शून्य दिसते. कोटा हप्त्याहप्त्याने उचलता येतो. म्हणून घरी फोन करून ‘माझे ५ किलो ठेवा’ असं सांगून ठेवावं. सिमेंटने झिजलेला अंगठा मशीन घेत नाही, तेव्हा डोळ्यांच्या स्कॅनची किंवा ओटीपीची सोय मागावी. ओटीपीसाठी आधारला चालू मोबाइल नंबर हवा, आणि मजुरांचे नंबर सारखे बदलतात.

कार्डच नसेल तर ई-श्रम, म्हणजे केंद्राच्या असंघटित कामगारांच्या पोर्टलवर नोंदणी करा : वय १६ ते ५९, पीएफ (भविष्यनिर्वाह निधी) किंवा ईएसआय (कामगार विमा) नसलेले, नोंदणी मोफत. ई-श्रमवर नोंद असलेल्या पण कार्ड नसलेल्यांना कार्ड द्या, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२३चा आदेश आहे. रेशनकार्डाच्या अर्जात त्याचा उल्लेख करा.

एक काम मात्र तुमच्याच हातात आहे. टाळेबंदीत बांधकाम मजुरांना रोख मदत मिळाली ती बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंद असलेल्यांनाच. त्या नोंदणीला वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि ठेकेदार तो द्यायला टाळतात. १८ ते ६० वयाच्या प्रत्येकाला तो मिळवून द्या आणि नूतनीकरणाची तारीख हजेरीपटावरच लिहून ठेवा.