माज, सोट, उलटणे, भाकड, शुष्क पदार्थ: गाय-म्हशींच्या बाबतीत या शब्दांचा नेमका अर्थ काय?

तुम्ही नव्याने दूधधंदा सुरू करताय आणि डॉक्टरांच्या बोलण्यातले हे शब्द नीट कळत नाहीत, असं लिहिलंय. यातल्या जवळपास प्रत्येक शब्दामागे एक तारीख किंवा एक वजन असतं. म्हणून अर्थ नुसता पाठ करू नका. गोठ्यात एक वही ठेवा आणि जनावराच्या नावापुढे ती तारीख लिहा.

आधी माज, कारण पुढचं सगळं गणित त्यावर चालतं. जनावर गाभण राहायला तयार असतं तो काळ म्हणजे माज. गाय-म्हैस साधारण दर २१ दिवसांनी (१८ ते २४) माजावर येते. गाईचा माज १२ ते १८ तास टिकतो आणि तो संपल्यावर १०-१२ तासांनी स्त्रीबीज सुटतं. म्हणूनच सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन (गर्भाशयात वीर्य सोडणं) करायचं आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. फार लवकर भरवलं (म्हणजे रेतन केलं) तर बीज सुटेपर्यंत शुक्राणूंची ताकद संपलेली असते. हंबरणं, वारंवार लघवी करणं, दूध कमी होणं या खुणा आहेतच, पण एकटं हंबरणं भुकेनेही असू शकतं. सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे दुसरं जनावर अंगावर चढलं तरी गाय जागची हलत नाही. म्हशीत खुणा इतक्या मंद असतात की माज येऊन गेल्याचं कळतही नाही. यालाच मुका माज म्हणतात. म्हशीवर पहाटे आणि रात्री उशिरा नजर ठेवाच.

माजात योनीतून जो चिकट स्राव लोंबतो तो सोट (काही जण बळस म्हणतात). तो अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा स्वच्छ आणि तार धरणारा हवा. पांढुरका, पिवळा किंवा पूमिश्रित असेल तर गर्भाशयात संसर्ग आहे. त्या माजाला रेतन करू नका, आधी उपचार करून घ्या. सोटात रक्त दिसलं तर माज एक-दोन दिवसांपूर्वीच होऊन गेलाय. तेव्हा भरवण्यात अर्थ नाही. तारीख लिहून ठेवा आणि साधारण १७-१८ दिवसांनी लक्ष द्यायला लागा.

भरवल्यावर जनावर पुन्हा माजावर आलं की ते उलटलं म्हणतात. एकदा उलटणं चिंतेचं नाही. नियमित माज असून तीन किंवा अधिक वेळा उलटलं तर मात्र तपासणी हवी. चुकीची वेळ, गर्भाशयाचा संसर्ग आणि खनिजांची कमतरता ही मला पहिल्यांदा तपासाविशी वाटणारी कारणं.

आता वही कशी चालते ते बघा. गाय १ जानेवारीला भरवली, तर १९ ते २५ जानेवारी ती उलटते का बघायचं. नाही उलटली तर मार्चमध्ये डॉक्टरांकडून गाभण तपासणी करून घ्यायची. न उलटणं म्हणजे गाभण असंच नव्हे. गाईचा गर्भकाळ साधारण २८० दिवसांचा, म्हणजे ८ ऑक्टोबरच्या आसपास ती विणार. म्हशीचा ३१० दिवसांचा, म्हणजे ७ नोव्हेंबरच्या सुमारास.

विण्याआधीचे ६० दिवस दूध बंद ठेवायचं, हा भाकड काळ. वरच्या गाईला ९ ऑगस्टला आटवायचं. आधी काही दिवस खुराक (पेंड, भरडा) कमी करा, मग दोहन एकदम थांबवा. कास काही दिवस तटतटते, तरी पिळू नका. त्या दाबानेच दूध बनणं थांबतं. कास गरम, लाल, दुखरी झाली तर मात्र लगेच डॉक्टरांना बोलवा. सडात (आचळात) सोडायच्या औषधाचंही त्यांनाच विचारा. दुधाच्या लोभाने हा काळ कापला तर पुढच्या वेताचं दूध आणि चीक दोन्ही कमी भरतात. (वेत म्हणजे एकदा विणं आणि त्यानंतरचा दुधाचा काळ.)

चीक म्हणजे विण्यानंतरचं पहिलं घट्ट दूध. वासराच्या वजनाच्या १० टक्के चीक पहिल्या २४ तासांत पोटात जायला हवा, त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत. ३० किलोच्या वासराला ३ लिटर. वार (विल्यावर बाहेर पडणारं गर्भाचं आवरण) पडायची वाट बघत चीक रोखू नका. चिकातली रोगप्रतिकारक द्रव्यं शोषण्याची आतड्याची क्षमता तासागणिक घटत जाते. वार १२ तासांत पडली नाही तर डॉक्टर बोलवा. ती ओढू नका, तिला वजनही बांधू नका.

शुष्क पदार्थ म्हणजे चाऱ्यातलं पाणी वजा करून उरतं ते. जनावराला वजनाच्या अडीच ते तीन टक्के शुष्क पदार्थ रोज लागतो, म्हणजे ४०० किलोच्या गाईला १० ते १२ किलो. हिरव्या चाऱ्यात तो सुमारे २० टक्के, कोरड्या वैरणीत आणि खुराकात सुमारे ९० टक्के धरा. २० किलो हिरवा चारा म्हणजे ४ किलो, ५ किलो वैरण म्हणजे साडेचार आणि ३ किलो खुराक म्हणजे २.७. एकूण ११.२ किलो, हे बरोबर बसतं. गव्हाणीत हिरव्या चाऱ्याचा मोठा ढीग दिसला की पोट भरलं असं वाटतं, पण त्यातलं चार-पंचमांश पाणीच असतं. गणित ढिगावर न करता या आकड्यावर करा.