सातव्या आठवड्यात ओले झालेले कपडे

"ताई, मी ३१ वर्षांची. साडेतीन महिन्यांपूर्वी नॉर्मल डिलिव्हरी झाली, टाकेही पडले. त्याआधी आठवड्यातून तीनदा १० किलोमीटर धावायचे. सहा आठवड्यांच्या तपासणीला डॉक्टर म्हणाल्या, 'सगळं छान आहे, व्यायाम सुरू करा.' पुढच्याच आठवड्यात बूट चढवले. पाच मिनिटांत लघवी गळून कपडे ओले. घाबरून घरी परतले. नंतर दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा तेच. शिवाय खाली काहीतरी उतरल्यासारखं जड वाटतं. आता धावणं सोडलंय. रात्री बाळ झोपलं की सिट-अप्स मारते, पण पोट हलत नाही, उठताना मधोमध फुगवटा येतो. माझी जाऊ तीन महिन्यांत होती तशी झाली होती. नवरा म्हणतो, 'थोडा वेळ काढलास तर जमेल.' गळण्याचं त्यालाही सांगितलेलं नाही. मी आळशी झालेय की कायमची बिघडलेय?
— बूट कपाटात ठेवलेली"

प्रिय बूटवाली,

बूट अजून काही दिवस कपाटातच राहू देत. सिट-अप्स मात्र आज रात्रीपासून बंद.

बाळ झोपल्यावर मिळालेल्या वेळात झोपायचं सोडून सिट-अप्स मारणारी बाई आळशी कशी असेल? मला तर वाचूनच दमायला झालं. आणि बिघडलेली म्हणशील, तर तीही नाहीस. तू दुखावलेली आहेस. घोटा मुरगळला असता तर सूज सगळ्यांना दिसली असती, कुणी तुला धाव म्हटलं नसतं. ही दुखापत दिसत नाही आणि तिच्याबद्दल बोलायची लाज वाटते, एवढाच काय तो फरक.

ओटीपोटाच्या पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी बांधलेली असते. मूत्राशय, गर्भाशय, मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग, सगळं तिच्यावर तोललेलं. बाळ बाहेर येताना त्यातले काही स्नायू मूळ लांबीच्या तिप्पट ताणले जातात. मग नऊ महिने ओझं वाहून, एवढं ताणून घेतलेल्या त्या झोळीवर तू सातव्या आठवड्यात धावलीस. धावताना प्रत्येक पावलागणिक जमीन वजनाच्या दोन-अडीच पट जोराने उलट ढकलते. झोळीने तक्रार केली, ती योग्यच होती.

डॉक्टर खोटं बोलल्या असं मी म्हणणार नाही. सहा आठवड्यांत खरंच खूप काही जागेवर येतं. बाळंतपणानंतर किलोभर वजनाचं गर्भाशय आक्रसून शंभर ग्रॅमच्याही आत येतं, टाके भरतात. त्या तपासणीत बहुधा तेच पाहतात. उडी मारली तर झोळी पेलेल का, हे त्या टेबलावर आडवं झोपवून कळत नाही. 'व्यायाम सुरू करा' म्हणताना त्यांच्या डोळ्यांसमोर बहुतेक चालणं असावं आणि तुझ्या डोळ्यांसमोर १० किलोमीटर. ब्रिटनमधल्या तीन फिजिओथेरपिस्टांनी २०१९ मध्ये बाळंतपणानंतर धावण्याविषयी मार्गदर्शक सूचना लिहिल्या. पहिले तीन महिने धावायचं नाही, आणि नंतरही शरीर तयार आहे का ते तपासूनच, असा त्यांचा सल्ला आहे. तुझे तीन महिने उलटलेत, पण गळणं आणि जडपणा आहे तोवर कॅलेंडरला अर्थ नाही.

आता तो फुगवटा. पोटाच्या दोन उभ्या स्नायूंना मधे जोडणारी पट्टी गरोदरपणात रुंद होते, शेवटच्या महिन्यापर्यंत जवळजवळ सगळ्यांचीच. बहुतेकींची नंतर हळूहळू आवळते, काहींची वर्षभरानेही थोडी सैल राहते. सिट-अप करताना फुगवटा येतो म्हणजे तो ताण पट्टीला अजून पेलत नाही. शिवाय पोटातला दाब खाली झोळीवरच जातो. म्हणजे रात्रभर भोक शिवायचं आणि त्याच भोकातून हात घालायचा, असं चाललंय तुझं. अंथरुणातून उठतानाही आधी कुशीवर वळ, मग हाताने रेटून उठ. बाळाला उचलताना श्वास रोखू नकोस, उलट सोड.

झोळीच्या व्यायामाला केगलचे व्यायाम म्हणतात. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी ते १९४८ मध्ये मांडले, त्यांच्यावरून हे नाव. तू केले असशीलही, पण वाचून करणाऱ्या पुष्कळ जणी आत ओढण्याऐवजी खाली जोर देतात, नाहीतर नुसते कुल्ले आवळतात. वारा आणि लघवी एकदमच थोपवायची आहे अशी कल्पना कर आणि ते सगळं वर ओढून घे. आठ-दहा सेकंद धर, मग पूर्ण सैल सोड. सैल सोडणं आवळण्याइतकंच महत्त्वाचं. असं आठ-दहा वेळा, मग तितकेच झटपट, दिवसातून तीनदा. निदान तीन महिने. लघवी करताना मधेच धार तोडून सराव करू नकोस.

पण त्याआधी तपासून घे. काहींचे हे स्नायू सैल नसतात, उलट आखडलेले असतात, आणि त्यांना आणखी आवळायला लावलं की त्रास वाढतो. शिवाय तुझ्या जडपणाचं कारण कळायला हवं. जुन्या बायका 'अंग खाली येणं' म्हणायच्या, त्याची ती सुरुवात असू शकते, नसूही शकते. असली तरी लवकर कळलेली बरी. डॉक्टरांकडे जा आणि ओटीपोटाच्या स्नायूंचं काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टचं नाव माग. तिथे 'थोडा त्रास होतो' असं पुटपुटू नकोस. 'धावताना लघवी गळते, खाली जड वाटतं', हे शब्द. घरी एकदा मोठ्याने म्हणून बघ, जड जातं. माझ्या दुसऱ्या मुलानंतर मी दोन वर्षं पर्समध्ये जादा कपडे घेऊन हिंडले आणि शिंक आली की पाय आवळून उभी राहिले. सगळ्यांचंच असं असतं, अशी स्वतःची समजूत घातली होती. पुष्कळ जणींना होतं हे खरं, म्हणून ते सोसलंच पाहिजे असं थोडंच आहे! मी जरा उशिरा शहाणी झाले.

तोवर चाल. १५ मिनिटांपासून सुरुवात कर, आठवड्याला थोडं वाढव. अर्धा तास भरभर चालून गळणं नाही, जडपणा नाही, दुखणं नाही, असं झालं की पुढची पायरी: एका पायावर १० सेकंद उभं राहणं, एकेका पायावर १० अर्ध्या बैठका, जागच्या जागी मिनिटभर धावणं, शेवटी एकेका पायावर १० उड्या. हे कोरडेपणी पार पडलं की कपाटातून बूट बाहेर काढ. तेव्हाही मिनिटभर धाव, दोन मिनिटं चाल. वाटेत काही गळलं किंवा जड वाटलं तर एक पायरी खाली ये.

घाईचं उदाहरण हवं असेल तर पॉला रॅडक्लिफचं घे. तेव्हाची मॅरेथॉनची जागतिक विक्रमवीर. २००७ च्या जानेवारीत बाळ झालं, १२ दिवसांत सराव सुरू, आणि कंबरेखालच्या हाडाला तडा गेला. तो भरू दिला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिने न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली.

अंगावर पाजत असशील तर व्यायामाने दूध नासत नाही की आटत नाही. निघण्याआधी पाजलंस तर तुलाच हलकं वाटेल. रक्तस्राव पुन्हा वाढला, पोटरी एकाच बाजूला सुजून दुखू लागली, छातीत दुखलं किंवा दम लागला तर मात्र थांबून बघायचं नाही, लगेच डॉक्टर गाठायचे.

जावेचं सोड. तिची कंबर दिसते, तिची पर्स तू उघडून पाहिलेली नाहीस.

एक गोष्ट मात्र तुझ्या पत्रात मला सारखी दिसली. पोटाबद्दल तू एकच वाक्य लिहिलंस, बाकी सगळं धावण्याबद्दल. मला वाटतं तुला कंबर परत नकोय, तो तास परत हवाय, ज्यात तुला कुणी हाक मारत नव्हतं. तो धावूनच मिळवावा लागतो असं नाही, आणि त्यासाठी झोळी भरून यायचीही वाट पाहायला नको.

नवरा म्हणतो ना, वेळ काढ? त्याला आज सगळं सांग, गळण्यासकट. मग उद्यापासून रोज पाऊण तास बाळ त्याच्याकडे. पाजून झालं की तू बाहेर पडायचं, फोन घरी ठेवून. बाळ रडलं तर शांत करायचं काम त्याचं. पहिल्या दिवशी तू कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येशील, मला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी थोडी पुढे जा.

— तुझी ताई