‘खुनाचा गुन्हा’ असा मथळा, आत मात्र दुसरेच कलम

प्रश्न : एका भीषण अपघातानंतर वृत्तपत्रात ‘मोटारचालकावर खुनाचा गुन्हा’ असा ठळक मथळा वाचला. आतील मजकुरात भारतीय न्याय संहितेचे कलम १०५ लावल्याचे म्हटले होते. काही महिन्यांनी ‘खुनाच्या आरोपातून चालकाची सुटका’ अशी बातमी आली, तेव्हा प्रकरण दडपले गेले असाच आमच्या घरी सर्वांचा समज झाला. आमचे वाचन चुकले की बातमी चुकली?

उत्तर : तुम्ही मथळ्यावर विश्वास ठेवलात, आणि चूक त्या मथळ्याची होती. कलम १०५ सदोष मनुष्यवधाचे, म्हणजे कायद्याने खून न ठरणाऱ्या मनुष्यवधाचे आहे. खुनाच्या शिक्षेचे कलम १०३ असून त्यात फाशी किंवा जन्मठेप सांगितली आहे. कलम १०५ मध्ये मृत्यू घडविण्याचा हेतू सिद्ध झाला तर जन्मठेप किंवा ५ ते १० वर्षांचा कारावास, आणि आपल्या कृत्याने मृत्यू ओढवू शकतो एवढी जाणीव सिद्ध झाली तर १० वर्षांपर्यंतचा कारावास होऊ शकतो. निव्वळ बेदरकारपणाने किंवा हयगयीने मृत्यू झाला असेल तर सामान्यतः कलम १०६ लागते आणि त्यातील शिक्षा ५ वर्षांपर्यंतची आहे. तिन्ही प्रसंगी एक जीव गेलेलाच असतो. करणाऱ्याच्या मनात काय होते, हे ठरविण्यासाठीच कायद्याने ही वेगवेगळी कलमे केली आहेत. मथळा नेमका हाच भेद पुसून टाकतो.

‘सदोष मनुष्यवध’ हे शब्द मथळ्यात मावत नाहीत, अशी सबब ऐकू येते. मला ती मान्य नाही, कारण ‘मृत्यूप्रकरणी चालकावर गुन्हा’ एवढे लिहिले तरी जागा पुरते आणि सत्यही राहते.

अशा मथळ्याने आरोपीवर अन्याय होतो, हे सहज लक्षात येते. मृताच्या नातेवाइकांवर होणारा अन्याय मात्र फारसा कोणी बोलून दाखवीत नाही. जो आरोप कधी ठेवलाच गेला नव्हता, त्याच्या शिक्षेची ते वाट पाहत राहतात आणि न्यायालयाने कायद्याप्रमाणे योग्य कलमाखाली खटला चालविला तरी आपली फसवणूक झाली, कोणीतरी पैसे चारले, असे त्यांना वाटू लागते. तुमच्या घरी जो संशय निर्माण झाला, तो त्या पहिल्या दिवसाच्या मथळ्यातून आलेला आहे.

कलमाइतकाच टप्पाही महत्त्वाचा असतो. गुन्हा दाखल होणे म्हणजे दखलपात्र (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा) गुन्ह्याची माहिती पोलिसांनी नोंदवून घेणे होय. अशी माहिती मिळाल्यास नोंद करणे पोलिसांना बंधनकारक आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात दिला. त्यानंतर तपास, दोषारोपपत्र, न्यायालयाची आरोपनिश्चिती, साक्षीपुरावा आणि निकाल असा लांब प्रवास असतो, आणि वाटेत कलमे वाढू शकतात किंवा कमीही होऊ शकतात. जामीन मिळाला म्हणजे माणूस निर्दोष सुटला, असेही नव्हे. अटकेच्या दिवशीच ‘नराधम’ हा शब्द छापला जातो, तेव्हा यांतील एकही टप्पा पार पडलेला नसतो, आणि एवढा निवाडा करण्याचा अधिकार मथळा लिहिणाऱ्याला कोणीही दिलेला नाही.

मथळा खालच्या मजकुराशी सुसंगत असावा आणि आरोपाचा मथळा देताना तो कोणी केला हे सांगावे किंवा निदान अवतरणचिन्हे वापरावीत, असे वृत्तपत्रांच्या आचरणावर लक्ष ठेवणाऱ्या भारतीय प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेतच म्हटले आहे. प्रथम संपादकांना पत्र लिहून दुरुस्ती मागावी आणि दाद न मिळाल्यास कौन्सिलकडे तक्रार करावी. कौन्सिल दंड करू शकत नाही. ताकीद देणे किंवा नापसंती नोंदविणे एवढेच तिच्या हाती आहे. तरीही अशी पत्रे जावीत, असे मला मनापासून वाटते.

यापुढे शंका आल्यास मूळ प्रथम खबर (एफआयआर) पाहावी. लैंगिक अत्याचार, दहशतवाद यांसारखी संवेदनशील प्रकरणे वगळता ती २४ तासांच्या आत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला आहे. तीत कलमांचे आकडे लिहिलेले असतात. ते मथळ्याशी ताडून पाहावेत.